सुकट टेस्ट

"लॉकडाऊन हा भित्र्यांचा धंदा आहे," असं रघु तावडेने लालबागच्या आपल्या चाळीच्या पहिल्या मजल्यावरून, कठड्यावर मूठ आपटून, समस्त मानवजातीला कळवलं. "रोग अंगावर घ्यायचा नि जिरवायचा. एकदा सगळ्यांना होऊन गेला की तोच कंटाळून निघून जाईल. आपण गिरणगावातली माणसं. एका नळावर चाळीस बिऱ्हाडं. आपल्याला कसली भीती?"

त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी शिंकलं.

वक्ता खोलीत गेला, आतून कडी लावली आणि पाऊण तास डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसला.

साल दोन हजार वीस, महिना जुलै. हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. तेव्हा चाळीतल्या कुठल्याही पुरुषाला विचारलं असतंत, तर त्याने आधी वार आठवून पाहिला असता आणि मग नाद सोडला असता. रघुच्या भिंतीवरचं कॅलेंडर तर अजून मार्चमध्येच होतं. पान उलटणं हे खातं गंगुबाईंचं, आणि गंगुबाई शिमग्याला म्हणून कणकवलीजवळ गावी गेल्या त्या तिथेच अडकल्या. आठ दिवसांचे साडेचार महिने झाले. रघुचं वय अडुसष्ट, अंगात साखर भरपूर, आयुष्य आधी गिरणीत आणि नंतर एका छापखान्यात गेलेलं. त्याला स्वयंपाकातलं वरण, भात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण एवढंच येत होतं.

शेजारच्या खोलीत कास्मीर डिमेलो. विमा कंपनीतून निवृत्त, विधुर, आणि लॉकडाऊनचा कडवा पक्षकार. तो भेंडी साबणाने धुवायचा, वर्तमानपत्राला इस्त्री करून मगच वाचायचा, आणि एकावर एक दोन मास्क चढवून वरच्यावर निलगिरीचे चार थेंब टाकायचा. तो गॅलरीतून गेला की उटीचा एखादा डोंगर चालत गेल्यासारखं वाटे.

रोज दहा वाजता दोघं आपापल्या उंबऱ्यावर खुर्च्या टाकून, मध्ये खडूने आखलेलं सहा फुटांचं अंतर ठेवून वाद घालत.

"आपल्यात हार्ड इम्युनिटी आहे," रघु म्हणायचा. "हार्ड म्हणजे कठीण. गिरणीचा कापूस छातीत गेलेली माणसं आपण."

"हार्ड नाय रे रघ्या, हर्ड. हर्ड म्हणजे कळप. मेंढरांचा."

"म्हणजे मी मेंढरू?"

"मी कुठे नाव घेतलं?"

"बरं, कळप तर कळप. कळपातलं मेंढरू सुखी असतं."

"त्यातली काही मधल्या मधे खाटकाकडे पण जातात. ती बातमी तुझ्या व्हॉट्सॲपवर येत नाय."

"आणि तू? दाराआड बसून कधी सुटणार आहेस?"

"लस आली की."

"लस येईस्तोवर तुझी भेंडी साबणाने झिजून जाईल."

वाद असा रोज अनिर्णित राही. पण रघुकडे एक हुकमी पान होतं. तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला की समजावं, हे एव्हाना सगळ्या शहराला पाठ झालं होतं. त्यावर रघुने स्वतःची चाचणी शोधून काढली होती. समुद्रावरची मासेमारी पावसाळ्यामुळे बंद, त्यामुळे मजल्यावरच्या तीन घरांत रोज अकराच्या सुमाराला तव्यावर सुकट भाजली जाई. घाडीवहिनींकडे तर हटकून. त्या वासाने रस्त्यापलीकडची मांजरं चाळीत येत. रघु गॅलरीत उभा राहून एक खोल श्वास घेई, डोळे मिटे आणि जाहीर करी, "निगेटिव्ह."

"त्यांच्या टेस्टला दोन दिवस लागतात," तो कास्मीरला ऐकवायचा. "आपली सुकट टेस्ट. दोन श्वासांत रिपोर्ट."

आणि अशात एकदाची ती बातमी आली. पुतण्या मयूरने प्रवासाचा पास मिळवला होता. गंगुबाई त्याच्या गाडीतून मंगळवारी दुपारपर्यंत घरी पोचणार होत्या. रघुने ही बातमी अत्यंत थंडपणे घेतली. म्हणजे त्याने खोली तीनदा फिनेलने पुसली, दाढी केली, आणि गंगुबाईंची उशी चार दिवस पावसातून ऊन शोधत गॅलरीत सरकवत राहिला. कास्मीरने विचारलं तेव्हा म्हणाला, "उशीला दमट वास येतोय, दुसरं काही नाही."

एकच मेख होती. चाळीत एक जरी पेशंट निघाला, तरी वॉर्डाची माणसं येऊन फाटकाला बांबू ठोकत. मग आतला आत आणि बाहेरचा बाहेर, चौदा दिवस. घाडीवहिनींची पूर्वी नावाची मुलगी वॉर्डाची स्वयंसेविका होती. तिच्या गळ्यात ऑक्सिमीटर आणि हातात तापाची बंदूक असे, आणि तिच्या नजरेतून खोकला सुटत नसे.

मंगळवार उजाडला. अकरा वाजले. रघु गॅलरीत आला, खोल श्वास घेतला, डोळे मिटले.

काहीच नाही.

पुन्हा घेतला. वास आला, पण सुकटीचा नाही. धुपाचा.

रघुने डोळे उघडले. तो दबक्या पावलांनी घाडींच्या दाराशी गेला आणि फटीला नाक लावलं. धूप. पुढच्या दाराशी गेला. तिथे उदबत्ती आणि वर काहीतरी वेलची घातल्यासारखं. तिसऱ्या दारात साजूक तूप. कालपर्यंत जिथे अकरा वाजता सुकटच वास मारत होती, तिथे देवळाचा गाभारा उघडल्यासारखं झालं होतं.

"भावोजी," मागून घाडीवहिनी म्हणाल्या, "काय हुंगताय?"

"वाळवी," रघु म्हणाला. "दाराला वाळवी लागलीय का बघतोय."

"दार लोखंडी आहे."

"म्हणूनच म्हटलं बघावं," असं म्हणून रघु झपाझप घरी आला.

घरात त्याने चहापत्ती हुंगली. चहापत्तीच. खोबरेल तेल हुंगलं. खोबरेलच. साबण, हिंग, रॉकेलचा जुना डबा, सगळं जागच्या जागी होतं. गेली होती ती फक्त सुकट. या रोगाने इतक्या मोठ्या जगातून नेमकी मालवणी माणसाची सुकट उचलली, याचा रघुला जितका धक्का बसला तितकाच अपमानही वाटला. आणि मग त्याची नजर उशीवर गेली. गंगुबाईंचा दमा जुना होता.

त्याने मधल्या फळीच्या भिंतीवर टकटक केली.

"कास्मीर. हळू बोल. समजा एखाद्याला एका वासाच्या जागी दुसराच वास आला, तर?"

 पलीकडून कास्मीरचा आवाज आला, आणि त्यात निलगिरी होती. "कोणाला?"

"एका माणसाला."

"पॅरोस्मिया," कास्मीर म्हणाला. तो सगळं वाचत असे. "परवाच वाचलं. काही पेशंटना कॉफी हुंगली तर जळका टायर वाटतो. रघ्या, त्या माणसाला कशाचं काय वाटलं?"

"सुकटीचा धूप."

"जीझस," कास्मीर म्हणाला. पलीकडे खुर्ची सरकली. मग म्हणाला, "थांब, मी स्वतः बघतो."

चार महिन्यांत ज्याने सहा फुटांची रेघ ओलांडली नव्हती, तो कास्मीर डिमेलो दार उघडून बाहेर आला, घाडींच्या दारापर्यंत चालत गेला, छाती भरून श्वास घेतला आणि परत आला.

"मला फक्त निलगिरी येते," तो खिन्नपणे म्हणाला. "पण मास्क मी काढणार नाय. सॉरी. काढला असता, पण नाय."

"मग पूर्वीला बोलावू?"

"बोलावलंस तर फाटकाला बांबू. नाय बोलावलंस तर गंगुबाई आत. तू ठरव. मी तुला मेंढरू म्हटलेलं विसरून जा, हां."

रघुने फोन लावला. गाडी पेण सोडून पुढे आली होती.

"तू येव नको," तो म्हणाला. "मयूरला सांग, गाडी फिरव."

"कित्याक?" गंगुबाईंनी विचारलं.

"लॉकडाऊन आहे."

"ता चार म्हयने आसा. आजच तुमका कळला?"

"लॉकडाऊन चांगली गोष्ट आहे, गंगु. माणसाने असेल तिथे राहावं. कास्मीरचं बरोबर आहे."

गंगुबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. चार महिने हा माणूस फोनवर रोज कळप, कळप करत होता. आणि आता बायको तीन तासांवर आली, तर याला कास्मीर पटला?

"घरात कोण आसा?" गंगुबाईंनी विचारलं.

"कोण असणार? मी आहे."

"मगे मी येतंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे तीन तास कळपाच्या पुढाऱ्याने कसे घालवले ते कास्मीरने उंबऱ्यावरून पाहिलं. आधी त्याने स्वतःच्या दाराबाहेर खुर्ची आडवी टाकली. मग खुर्चीवर बादली ठेवली. मग कपडे वाळत घालायची दोरी सोडून जिन्याच्या तोंडाशी बांधली, तिला दोन केरसुण्या लटकवल्या, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: "कोणी वर येऊ नये." खाली जरा विचार करून जोडलं: "आलेल्यांनी खाली जावे."

"तू तर सरकारपेक्षा कडक निघालास," कास्मीर म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. कोणाला जिंकायचं होतं त्या दिवशी?

एव्हाना तावडेभावोजींचं डोकं फिरलं, ते दारं हुंगतात आणि जिन्याला केरसुण्या बांधतात, ही बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती. पूर्वी बंदूक घेऊन जिना चढून आली. तिने दोरीपलीकडून हात लांब करून ताप घेतला. सत्त्याण्णव. बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव.

"काका, खोकला?"

"नाही."

"घसा?"

"चांगला आहे. तूच ऐकतेस की रोज."

"मग दोरी का बांधलीत?"

नेमक्या त्याच वेळी खाली गाडीचं दार वाजलं, आणि नारळांची पिशवी घेऊन गंगुबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. साडेचार महिन्यांत त्या थोड्या वाळल्या होत्या आणि उन्हाने रापल्या होत्या. रघुने त्यांच्याकडे पाहिलं, आणि जे लपवायचं होतं ते सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"गंगु, वर येऊ नकोस. मला झालाय. पूर्वी, लिहून घे. बांबू ठोका, सेंटरला न्या, कुठेही न्या. पण तिला गावी परत पाठवा. तिला दमा आहे."

गॅलरीत दारं उघडली. 

"पण काका, लक्षणं काय?" पूर्वीने विचारलं.

"वास," रघु म्हणाला.  "सकाळी अकरा वाजता तुझ्या आईच्या दारात उभा होतो. तिने सुकट भाजलेली, आणि मला आला धूप. पुढच्या घरात उदबत्ती. त्याच्या पुढे साजूक तूप."

पूर्वीने आईकडे पाहिलं. घाडीवहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू येत होतं की रडू, ते रघुला कळेना.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मी आज पोथी लावली. धूपच जाळला मी."

"आणि सुकट?"

खालून गंगुबाई सावकाश म्हणाल्या, "अवो, आज श्रावण लागलो."

 मग घाडीवहिनींनी पदर सोडला आणि हसणं तिन्ही मजल्यांवरून धो धो खाली आलं. कास्मीर इतका हसला की त्याचा वरचा मास्क निसटून हनुवटीवर आला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तो तसाच राहू दिला गेला. रघु जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते दोरीच्या धुळीमुळे आहे असं तो पूर्वीला समजावत होता.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरून एका पुरुषाचा आवाज आला. "थांबा. श्रावण लागला म्हणजे... गटारी होऊन गेली?"

हसणं हळूहळू थांबलं. श्रावण बायका लक्षात ठेवतात, गटारी पुरुष. आणि पुरुषांना चार महिने वार कळत नव्हता. श्रावणाच्या आधी एकदाचं पोटभर खाऊन घ्यायची ती वर्षातली एक तिथी, सबंध चाळीतून, कोणाच्याही नकळत, वरण-भातात निघून गेली होती. तिन्ही मजल्यांवरचे पुरुष कठड्याला टेकून काही वेळ नुसते रस्त्याकडे बघत राहिले.

गंगुबाई मात्र केरसुण्या बाजूला सारून, दोरीखालून वाकून वर आल्या. पुठ्ठ्यावरचं त्यांनी वाचलं, आणि नारळाची पिशवी रघुच्या हातात दिली.

"काय बाई माणूस," त्या घाडीवहिनींना म्हणाल्या. "माका वाटला घरात कोणतरी आणून ठेवल्यान."

"काकू," पूर्वी म्हणाली, "तुम्ही बाहेरगावाहून आलात. चौदा दिवस खोलीतच राहायचं. काकांनीपण."

"दोघांनी?" रघुने विचारलं.

"एका खोलीत कसे वेगळे राहणार? दोघांनी."

दहा बाय बाराची खोली, चौदा दिवस, बाहेर पाऊल नाही. लॉकडाऊनविरुद्ध कठड्यावर मूठ आपटणाऱ्या माणसाने यावर जी मान हलवली, ती पाहून कोणालाही वाटलं असतं की त्याला बक्षीस लागलंय.

संध्याकाळी गंगुबाई आत देवापाशी दिवा लावत होत्या. रघुने दार अर्धं उघडून खुर्ची उंबऱ्याच्या आत ओढली. पलीकडे कास्मीर वर्तमानपत्राला इस्त्री करत होता.

"बोल रघ्या," तो म्हणाला. "काय ठरलं मग? कळप की लॉकडाऊन?"

 रघुने आत वळून पाहिलं. आवाज खाली आणला.

"ते आपण उद्या बघू," तो म्हणाला. "कास्मीर, तुझ्याकडे एखादं उकडलेलं अंडं असेल तर दाराबाहेर ठेवशील? सोलून ठेव हां. वास तुझ्याकडेच राहू दे."