हरिभाऊंच्या रंगीत तालमी

हरिभाऊंच्या हातात लग्नाची पत्रिका दिली, की ते मुलामुलीची नावं वाचत नाहीत. मुहूर्त बघत नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून तळाशी छापलेला कार्यालयाचा पत्ता शोधतात आणि विचारतात, "पायऱ्या किती?"

माझ्या भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी गेले, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. कार्यालय मुरबाडला होतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"मोजल्या नाय?" हरिभाऊंना माझी कीव आली. "बरं, कमोड हाय का?"

"हरिभाऊ, मी आमंत्रण द्यायला आलेय, हॉल विकायला नाही."

"तसं नाय बाई. ऐनवेळची बोंब नको. तालीम झाली पायजे."

त्याच रविवारी हा गृहस्थ मोटारसायकल काढून शहापुराहून मुरबाडला गेला. खिशात मोजायची टेप. ती बघून कार्यालयाच्या मॅनेजरला वाटलं, कुठल्या तरी खात्याचे साहेब आले. त्याने थंड पाजलं, मागे मागे फिरला. संध्याकाळी हरिभाऊ माझ्या दारात उभे. "पायऱ्या अकरा. आठवी जरा उंच हाय. कमोड हाय, पन त्या खोलीत कांद्याची पोती भरलीत. मी सांगून आलोय, लग्नाआधी हलवा म्हणून."

लग्नाच्या दिवशी पोती हलली होती. माझ्या तीन चुलत्या आणि नवऱ्यामुलाची आजी, चौघींचे गुडघे गेलेले. त्या दिवशी त्यांनी नवरानवरीपेक्षा जास्त आशीर्वाद हरिभाऊंना दिले. मला मात्र त्यांचं श्रेय मान्य करायला दोन दिवस लागले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. कोणी माझ्यापुढे शहाणपणा केला की मला लागतं.

शहापुरात आमची घरं एका भिंतीची. तीही अर्ध्या विटेची, त्यामुळे इकडे खोकलं की तिकडे पाणी विचारतात. पलीकडे हरिभाऊ, त्यांची बायको विमल आणि ऐंशी ओलांडलेली आई. मुलगी पल्लवी पुण्याला नोकरीला. हरिभाऊ वाशिंदला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. बोल्ट कुठला आणि नट कुठला हे बघण्यात आयुष्य गेल्यावर माणूस असाच होणार, असं मी समजत होते.

त्यांचा नियम एकच. कामावर सोडून ते जिथे जातील तिथे आई जाणार. बारसं, साखरपुडा, गावची पूजा, कोणाची वास्तुशांत, सगळीकडे. आणि आई जाणार म्हटलं की आधी तालीम होणार. वाटेत सावलीची झाडं कुठे, गाडी अगदी दारापर्यंत लागते का, जेवणात तिखट किती, सगळं पाहून यायचं. जिथे कमोड नाही तिथे आईची कमोडची खुर्ची गाडीच्या टपावर बांधून न्यायची. वर चादर घालायची. ती चादर वाऱ्याने हमखास उडायची, आणि मग अख्ख्या रस्त्याला कळायचं की हरिभाऊ सहकुटुंब निघाले.

एकदा आईला म्हसा गावच्या जत्रेला न्यायचं ठरलं. तिथली गर्दी म्हणजे काय सांगावं! माणसं, बैल, घोंगड्या, मिठाई, सगळं एकात एक. हरिभाऊंनी हिशेब केला, आईचं वजन चाळीस किलो. आदल्या दिवशी त्यांनी चाळीस किलो तांदळाचं पोतं प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलं आणि कारखान्यातल्या दोघांना घेऊन ते पोतं देवळापर्यंत खुर्चीतून उचलून नेलं. लोकांना वाटलं, कोणाचा तरी नवस आहे. वाट करून देऊ लागले. एका म्हातारीने पुढे होऊन पोत्याला हळदकुंकू लावलं, पाया पडली, चार दाणे मागून पदराला बांधले. हरिभाऊंनी दिले. काय करतील!

दुसऱ्या दिवशी आई त्याच खुर्चीत बसून गेली. परत आल्यावर मी विचारलं, "काय आई, कशी झाली जत्रा?"

"माझी कसली गो जत्रा, मास्तरीणबाय! हा मला पालखीतल्या देवासारखा मिरवतो. देवाला तरी कोन इचारतो, बाबा तुला जायाचंय का?"

म्हातारीची जीभ अशी. पण हरिभाऊंसमोर ती असं कधी बोलायची नाही. त्यांच्यासमोर म्हणायची, "बरं झालं रे नेलंस."

या सगळ्यात विमल कुठे होती? ती मागच्या सीटवर होती, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. गेली कित्येक वर्षं तिने नवऱ्याबरोबर प्रवास केला तो एवढाच, सकाळी निघून संध्याकाळी परत. रात्रीचा मुक्काम हरिभाऊंना चालत नसे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. विमलच्या मनात एकच गोष्ट होती, कन्याकुमारी. "बाई, तिथं म्हणे तीन समुद्र एका ठिकाणी दिसतात. तीन नाय दिसले तरी चालतील. एक तरी नीट बसून बघायचाय," असं ती मला भाजी निवडताना सांगायची.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पल्लवीने आईबापांची दोन तिकिटं काढली. जाऊन येऊन आठ दिवस. शिवाय स्वतः आठ दिवस रजा घेतली. "आजीला मी बघते. तुम्ही दोघं जा."

भिंतीपलीकडून हरिभाऊंचा आवाज, "आठ दिवस?" मग बराच वेळ नुसती भांडी घासल्याचा आवाज. विमल डबा असा घासत होती की त्याची कल्हई निघावी, आणि डबा तर स्टीलचा!

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, मी एकटी गेली तर वाईट दिसंल का? समुद्र काय कोनी एकट्यानं बघत नाय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच उठून हरिभाऊंना गाठलं. म्हटलं, "लाज वाटू द्या थोडी. इतकी वर्षं त्या पोरीने तुमच्या आईची पिशवी सांभाळली. आठ दिवस तिला देता येत नाहीत?"

ते खाली मान घालून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "देतो बाई. पन एक तालीम करू."

"कसली?"

"आमच्या नसण्याची."

योजना अशी. रविवारी सकाळी सहाला बॅग घेऊन, आईच्या पाया पडून, कन्याकुमारीला चाललो म्हणून दोघांनी निघायचं. विमलने आसनगावला बहिणीकडे जायचं. हरिभाऊंनी मागच्या बोळातून माझ्या स्वयंपाकघरात यायचं आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला कान लावून बसायचं. आई एक दिवस राहिली तर आठ दिवस राहील. पल्लवी शनिवारीच आली होती, तिला हे सगळं सांगितलेलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी सव्वासहाला हरिभाऊ माझ्या ओट्याजवळ स्टुलावर बसले. हातात स्टीलचा पेला, तो भिंतीला उपडा लावलेला. मी कुकर लावायला गेले तर म्हणतात, "शिट्टी नको, बाई. ऐकू येनार नाय."

माझ्याच घरात मला कुकर लावायची चोरी! मीही हट्टाला पेटले. शिट्टी नको ना, ठीक. मग नऊच्या सुमाराला कढईत लाल मिरच्यांची फोडणी घातली. हरिभाऊंना अशी शिंक आली की मांडणीवरच्या बश्या वाजल्या. लगेच स्वतःचं तोंड दाबून ते भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे काही हाललं नाही.

थोड्या वेळाने तिकडे टीव्ही लागला आणि आईचं हसू ऐकू आलं. साधंसुधं नाही, खदखदून.

"हसते," हरिभाऊ म्हणाले.

"चांगलंच आहे की."

"एवढी नाय हसत ती कधी."

मग आईने दुसरी भाकरी मागितली. मोठ्याने मागितली, पेल्याशिवाय मलासुद्धा ऐकू आलं. मग म्हणाली, "आज कसं मोकळं मोकळं वाटतं गो, पल्लवे!" मग चक्क गाणं म्हटलं, लावणीच्या वेळी शेतात म्हणतात तसलं. हरिभाऊंचा चेहरा उतरत उतरत गेला. आई रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. मी पुढे ठेवलेली थालीपिठं तशीच गार झाली. दुपारचे दोन वाजले तरी माणसाने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"हरिभाऊ, आता पुरे. ती मजेत आहे. मग अडलंय कुठे?"

पेला खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, अप्पा गेले तेव्हा आमी गनपतीपुळ्याला होतो. पल्लवी लहान, तिनं हट्ट धरला म्हनून एक रात्र राहिलो. आई-अप्पा गावच्या घरी, मुरबाडकडं. फोनला रेंज नाय. अप्पा रात्री गेले. आईनं कोनाला हाक मारली नाय. सकाळपर्यंत त्यांच्या बाजूला एकटी बसून राहिली. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मी आलो तर मला म्हनते, जेवलास का रे?"

परवाच ज्या माणसाला लाज वाटू द्या म्हटलं होतं, त्याच्याकडे बघायची आता मलाच लाज वाटत होती. सगळ्या पायऱ्या, सगळे कमोड आणि ते पोतं यामागे ती एक रात्र होती. आणि मी आपली नट-बोल्ट म्हणून हसत होते.

एवढ्यात मागचं दार वाजलं. पल्लवी ताट घेऊन उभी. तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुकटीचं कालवण, फोडलेला कांदा.

"आजीने दिलंय," ती म्हणाली. "म्हणाली, बाबाला दे, सकाळपासून उपाशी असेल. आणि सांगितलंय, लपायचं असेल तर शिंकताना तोंडावर रुमाल धर."

हरिभाऊ ताटाकडे बघत बसले. मग उठून तसेच पुढच्या दाराने घरी गेले. मीही मागोमाग गेले. अशा वेळी शेजाऱ्याने आपल्या घरी थांबावं, हे मला कळतं, पण जमत नाही.

आई खाटेवर बसली होती. म्हणाली, "आलास कन्याकुमारीवरनं? लई लवकर आलास."

"आई..."

"ऐक. तू आता खरा जा. आठ दिवसांत मी मरनार नाय. आन मराचंच असंल तर तू उंबऱ्यात बसलास तरी मरंन. तुझ्या बापाच्या वेळी तू असतास तर काय केलं असतंस? रडला असतास. ते मागनं रडलासच की. त्या पोरीला समुद्र दाखव. तिच्या डोक्याला पांढरं लागलं, मेल्या."

हरिभाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. आई त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, आता जा.

पुढच्या शुक्रवारी दोघं निघाली. विमलने अबोली रंगाची नवी साडी नेसली होती. हरिभाऊ दारापासून रिक्षापर्यंत तीनदा मागे फिरले, आणि तिन्ही वेळा आईने त्यांना हाकललं. "जा रे, जा, माझं डोकं नको उठवू." रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती वॉकर धरून हसत उभी होती.

दुपारी मी सहज डोकावले. घर शांत. टीव्ही बंद. ताटात भाकरी तशीच होती, एक घास मोडलेला. पल्लवी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी म्हटलं, "काय आई, आज टीव्ही नाही? गाणं नाही?"

"कोनाला ऐकवू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तो भिंतीपल्याड होता. हसून हसून माझा घसा दुखला गो. तो शिंकला नसता तर मी कशाला हसली असती? मला टीव्हीतलं काय सुदिक दिसत नाय आताशा."

मी तिच्याजवळ बसले. तिने माझं मनगट धरलं. हात गार होता, पण पकड शेतात राबलेल्या बाईची.

मग फोन वाजला. पल्लवी आतून धावत आली. "आजी, बाबा! गाडी पुण्याच्या पुढे गेलीय म्हणतायत. धर, बोल."

"थांब," आई म्हणाली. "आधी टीव्ही लाव."

पल्लवीने लावला.

"आनखी मोठा कर."

पल्लवीने आवाज वाढवला. आईने पदराने डोळे पुसले, घसा खाकरला आणि माझं मनगट न सोडता दुसऱ्या हातात फोन घेतला.

"कोन? हरी? बोल रे लवकर, माझी शिरेल चाललीय!"