बायपास मंजूर, तातडीने बसवावा!

खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस मी. साधा स्टेपलर घ्यायचा तरी तीन नमुने, तुलनात्मक तक्ता आणि वर साहेबांची सही! मग स्वतःचं पोट कमी करायला काय डोळे झाकून जाऊ?

बायकोने फर्मान काढलं होतं, "सोमवारपासून पहाटे पाचला चालायचं!" त्यापेक्षा सर्जनची सुरी परवडली, असं मला मनापासून वाटलं. मग ऑफिसच्याच कागदावर वजन घटवायच्या शस्त्रक्रियांचा गुपचूप तक्ता आखला. पट्टी : जठर वरून आवळणार, नको झाली तर काढता येते. स्लीव्ह : जठराचा बराचसा भाग कापणार, परत मिळणार नाही. बायपास : जठराची इवलीशी पिशवी करून थेट आतड्याला जोडणार. शेवटी सवयीने टिकाऊपणाचा रकाना.

आणि तोच कागद चुकून खुर्च्यांच्या खरेदीच्या फाइलीत गेला! साहेब कधीच काही वाचत नाहीत. त्या दिवशी नेमका शेवटचा रकाना वाचला आणि शेरा मारला, "टिकाऊपणा पाहता बायपास मंजूर. तातडीने बसवावा. प्रत सर्व विभागांना."

मी हादरलोच! जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं जठर तिन्ही मजल्यांवर पोचलं होतं.

भांडारपाल गंभीरपणे म्हणाला, "जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही हं, नियम आहे!"

टेलिफोनवाल्या बाईंनी तर डोळे पुसत थेट माझ्या घरी फोन लावला. अर्ध्या तासात बायको दारात! चेहरा पांढराफटक.

"अहो, मला न सांगता पोट फाडून घ्यायला निघालात?"

"अगं, मी नुसती तुलना केली..."

"आणि ही साहेबांची सही?" टेबलावरची प्रत उचलून ती रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ती मला सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, मला वजनकाट्यावर उभं केलं आणि हसू दाबत म्हणाले, "एवढ्याशा वजनाला यातलं काहीच करत नाहीत. रोज चाला."

एवढंसं? बावीस वर्षं खुर्चीत बसून कमावलेलं वजन, आणि एवढंसं!

बायकोने डोळे पुसले. "पाच नाही, आता साडेचार," एवढंच म्हणाली.

सोमवारी पाय ओढत ऑफिस गाठलं, तर टेबलावर साहेबांचा कागद : "मंजूर बायपास अद्याप का बसवला नाही, लेखी खुलासा करावा."

मी लिहिलं, "वजन कमी भरलं." इतकं खरं उत्तर उभ्या नोकरीत दिलं नव्हतं, आणि कधीच काही न वाचणाऱ्या साहेबांनी नेमकं तेच सगळ्या ऑफिसला मोठ्याने वाचून दाखवलं!