गस्तीवर गेलेले साहेब

अनसिंगच्या ठाण्यात ठाणेदार शालिग्रामरावांना निजायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे कोठडी. घरी आडवं व्हावं तर कोंबडीचोरीची फिर्याद उशाशी येई. खुर्चीत डुलकी घ्यावी तर अकोल्याहून हुकूम येई. तीस वर्षं अशी गेली. आता पेन्शनला दोन महिने उरले होते, आणि जत्रेच्या बंदोबस्तात सलग तीन रात्री पाठ टेकली नव्हती. कोठडी गार होती, रिकामी होती आणि तिथं आपणहून कोणी डोकावत नसे.

"फुलसिंग, बाहेरून कुलूप लाव," बूट दाराशी काढत त्यांनी शिपायाला सांगितलं. "कोनी इचारलं तं साहेब गस्तीवर गेले म्हन."

घोंगडी डोक्यावरून घेऊन डोळा लागतो न लागतो, तोच बाहेर टांगा थांबला. जिल्ह्याचे मोठे पोलीस साहेब, गुलाम नबी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच तपासणीला आले होते.

"ठानेदार कुठी हाय?"

"गस्तीवर गेले, साहेब."

"आन् कोठडीत कोन झोपून राह्यला?"

फुलसिंगाजवळ खोटं एकच होतं, ते आत्ताच खर्च झालं. "आरोपी," तो चाचरत म्हणाला.

"नोंदवहीत तं नाव नाही! बिना नोंदीचा मानूस कोंडला? पेन्शनच बंद करतो तुह्या ठानेदाराची!"

घोंगडीखाली शालिग्रामराव हिशेब करू लागले. उठावं तर कामावर झोपलेला ठाणेदार, न उठावं तर बेकायदा कोंडलेला आरोपी. पेन्शन दोन्हीकडून बुडत होती. आणि लाज म्हणजे, एवढ्यातही त्यांना झोप येत होती.

"कुलूप खोल. आन् चहा आन," साहेब म्हणाले. फुलसिंग गेला, तसे ते आत आले.

"शालिग्रामराव, सरकारी बूट दाराशी ठेवून कोनता आरोपी झोपते?"

शालिग्रामरावांनी धडपडत उठून अनवाणीच सलाम ठोकला. "गलती झाली, साहेब. तीन राती जागलो. पेन्शन तेवढी राहू द्या."

साहेबांनी टोपी काढली. त्यांचेही डोळे तांबारले होते. "अकोल्याले मी मालखान्यात, जप्तीच्या सामानामागं झोपत होतो," ते हळूच म्हणाले. "आठ दिवसांआधी कमिशनरच्या चपराश्याले माही थे जागा सापडली. सरका जरा. घोंगडी एकच हाय का?"

फुलसिंग दोन कप चहा घेऊन आला तेव्हा दाराशी बुटांचे दोन जोड होते.

"बूट आत टाक," घोंगडीतून साहेबांचा आवाज आला. "कुलूप लाव. कोनी आलं तं दोघंबी गस्तीवर."

मघाच्या दटावणीनं शहाणा झालेल्या फुलसिंगानं आधी नोंदवही उघडली. "आरोपी दोन. पन गुन्हा काय लिवू, साहेब?"

आत घोरणं सुरू झालं होतं. मग शालिग्रामराव झोपेतच पुटपुटले, "सरकारी नोकरी."

फुलसिंगानं तसंच लिहिलं, कुलूप लावलं आणि दोन्ही कप चहा स्वतःच पिऊन टाकला.