नायक हसतो

एका गाजलेल्या चित्रमालिकेवरचा गेम पाच वाजता बाजारात जायचा होता आणि चार वाजून दहा मिनिटांनी रिलीजचं हिरवं बटण अचानक लाल झालं. खाली कारण झळकत होतं : ‘नायक हसतो.’

"हे कुणाचं डोकं?" साहेब केबिनमधून ओरडतच बाहेर आले.

विचारायची खरं तर गरज नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर नवी टेस्टर बसायची. गेममधले बग शोधायचे आणि त्यांची नोंद करायची, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी तिने चार जणांना ‘ही मालिका कार्टून नाही, जपानी ढंगाचं ॲनिमे आहे’ असं तळमळीने समजावलं होतं आणि त्याच दिवशी तिचं नाव कार्टून पडलं. तिची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. कायम करण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीविना पडलं होतं आणि आईने तर नोकरी पक्की झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं.

"सर, तो हसत नाही," ती उभी राहिली. "मालिकेत एकशे अठ्ठेचाळीस भाग तो एकदाही हसत नाही. शेवटच्या भागात हसतो, तेही दीड सेकंद! आणि आपण त्याला पहिल्याच स्क्रीनवर बत्तीस दात काढून टोप्या विकायला बसवलंय."

या धंद्यावर तिचा जुनाच राग होता. ही माणसं मालिकेचे हक्क विकत घेतात, मालिका मात्र बघत नाहीत. ज्या नायकाने भावासाठी बारा वर्षं एकाच फाटक्या अंगरख्यात काढली, त्याला हे सात रंगांचे कोट चढवतात. गाढवाला गुळाची चव काय!

"दहा मिनिटांत हसू काढा त्याचं!" साहेब प्रोग्रामरवर कडाडले. "आणि कार्टून, तुझ्या बगने रिलीज अडलंय. दुरुस्ती झाली की ती नोंद तुलाच बंद करता येते. तयार राहा."

प्रोग्रामरने हसू काढलं. पण काम वाचावं म्हणून गेममधल्या सगळ्या पात्रांना त्याने एकच तोंड दिलेलं होतं. त्यामुळे नायकाच्या हसण्याबरोबर सगळ्यांचीच तोंडं गेली. राजा बिनतोंडाने हुकूम सोडू लागला, पाळण्यातलं बाळ बिनतोंडाचं रडू लागलं. दुसऱ्या खेपेला तोंडं परत आली, पण खलनायक मरताना आनंदाने हसायला लागला. तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा चार अठ्ठेचाळीस झाले होते.

"कर बंद," साहेब म्हणाले. त्यांच्या एका हातात ते पत्र होतं, दुसऱ्यात पेन. सगळं ऑफिस तिच्या खुर्चीमागे जमलं होतं.

"करते, सर. पण एवढ्याशा किरकोळ बगसाठी सगळे इतके का धावले?"

"किरकोळ? तूच एक नंबर दिलास ना त्याला! एक म्हणजे सगळ्यात भयंकर."

ती गोरीमोरी झाली. "मला वाटलं एक म्हणजे अगदी बारीक. लोक हसतील म्हणून मुद्दाम एक दिला. इतके दिवस मी पाचच द्यायचे."

प्रोग्रामर खो खो हसला आणि मधेच थांबला. "तुझ्या हिशेबाने पाच म्हणजे काय गं?"

"पाच म्हणजे गेलंच सगळं."

"साहेब," प्रोग्रामर हळूच म्हणाला, "पाचवाले बग आपण रिलीज झाल्यावर वाचतो. एकेचाळीस आहेत. सगळे हिचेच."

त्याने पहिला उघडला. ‘सेव्ह दाबलं की आधीचा सगळा खेळ पुसला जातो.’ दुसरा, ‘तिसऱ्या पातळीवर दार उघडलं की फोन कायमचा बंद पडतो. माझे दोन गेले.’ तिसरा उघडायची कुणाची छाती झाली नाही. साहेब मिळेल त्या खुर्चीत बसले.

"सर, हा बग बंद करू का?"

"माउसला हात लावू नकोस! बटण हिरवं होईल!" साहेब किंचाळले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालिकेचे मालक पाच वाजायची वाट बघत होते. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

"नाही हो, गेम अगदी तयार आहे. पण नायक हसत होता. आमच्या जिवाला ते पटेना. एक महिना थांबू, पण त्याला हसू देणार नाही... हो तर, आमच्याकडे सगळ्यांनी सगळे भाग बघितलेत. मी? मी तीनदा बघितले."

पलीकडचा माणूस गहिवरला असावा, कारण साहेब बराच वेळ नुसतेच हुंकार देत होते. फोन ठेवून त्यांनी पत्रावर सही केली आणि ते तिच्यापुढे सरकवलं. तिचे डोळे भरून आले. तिला आईला लगेच फोन करायचा होता, पण साहेब जागचे हलेनात.

"मूळ लेखक सोमवारी सकाळी येताहेत. माझ्याशी चर्चा करायला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज शुक्रवार. एकशे एकोणपन्नास भाग तोवर होतील का गं?"

तिने बोटांवर मोजलं. "झोपला नाहीत तर होतील, सर."

"आणि प्रत्येक भागातलं सुरुवातीचं गाणं गाळलं तर?"

"तर थोडं झोपता येईल," ती म्हणाली. "पण गाणं गाळायचं नसतं."