चौकोन क्रमांक सतरा

स्प्रिंग उडाली तेव्हा ‘टिंग’ असा आवाज घरातल्या तिघांनीही ऐकला. ती गेली कुठे, ते मात्र एकानेही पाहिलं नाही.

व्हरांड्यात चटईवर यंत्राचे एकशे चौदा भाग क्रमाने मांडलेले होते. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एकशे पंधरावा भाग आत्ताच त्याच्या चिमट्यातून निसटून कठड्यापलीकडे हिरवळीत गेला होता. हिरवळ हे आपलं सवयीने म्हणायचं. चार महिन्यांत तिथलं गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं.

तो वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. किती वाजले विचारलं तर सेकंदांसह सांगायचा, म्हणून तिथे त्याला सगळे दशांश म्हणत. गवत कापायचं हे पेट्रोलवरचं यंत्र त्याच्या सासऱ्यांचं, वयाने त्याच्या बायकोपेक्षा मोठं. चार महिन्यांपूर्वी सगळे जेवायला बसले असताना सासरे सहज म्हणाले होते, “हे कोणी चालू करून दाखवील का?” दशांशच्या साडूचा स्वतःचा लेथचा कारखाना. त्याने तोंड उघडायच्या आत दशांश म्हणून गेला, “मी करतो, मामा.” सासऱ्यांनी चार महिन्यांनंतरच्या एका रविवारची तारीखच ठरवून टाकली. त्या रविवारी यंत्र चाललं तर ते दशांशचं, नाही तर थोरल्या जावयाचं. घरी आल्यावर दशांशने जाहीर केलं की गवताला कोणी हात लावायचा नाही, पहिला मान यंत्राचा.

तो रविवार आता तीन दिवसांवर आला होता. आज गुरुवार.

“कसली होती ती?” बायकोने विचारलं.

“इंजिनाचा वेग आवरणारी स्प्रिंग. करंगळीच्या पेराएवढी. ती नसली तर इंजिन नीट चालायचं नाही.”

“मग शोधा की.”

“एवढ्या गवतात? आधी गवत कापायला हवं.”

“मग कापा.”

“यंत्राशिवाय?”

“मग यंत्र—” बायको म्हणाली आणि थांबली. दोघांनी एकदा चटईकडे पाहिलं, एकदा गवताकडे. आईने खुर्चीतून समारोप केला, “म्हणजे झालं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.”

तेवढ्यात फोन वाजला. सासरे. “काय जावईबापू, काही अडलंय का? जुनं सामान पडलंय माझ्याकडे. घेऊन येऊ का?”

“छे छे, मामा! सगळं अगदी हातात आहे.”

बायकोने त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून दोरीला बांधलं आणि गवतातून ओढायला सुरुवात केली. तासाभरात त्याला चार खिळे, केसांचे सात आकडे, एक चमचा आणि आईच्या चष्म्याची एक काडी मिळाली.

“हा चमचा!” बायको बाहेर धावत आली. “याच्यावरून मी दोन वर्षांपूर्वी कामवाल्या मावशींना बोलले होते!”

“माझी काडीही तेव्हाचीच,” आई म्हणाली. “शोध अजून. माझं एक कानातलं राहिलंय.”

दशांश मात्र मटकन खाली बसला होता. स्प्रिंग ब्राँझची होती. चुंबक आणि ब्राँझ यांची ओळखदेख नसते, हे त्याला सहावीपासून ठाऊक होतं. सहावी ते आजचा शुक्रवार एवढ्या प्रवासात नेमकं तेवढंच वाटेत सांडलं होतं.

मग त्याने शास्त्राला शरण जायचं ठरवलं. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, हिरवळीचे चोवीस सारखे चौकोन पाडले आणि वहीत नकाशा काढला. प्रत्येक चौकोनातलं गवत मुळाशी हाताने कापायचं, मूठभर घ्यायचं, पांढऱ्या चादरीवर झटकायचं, वहीत नोंद करायची. घरात कात्र्या दोन. एक शिवणाची, एक दुधाच्या पिशव्यांची.

“शिवणाची मिळणार नाही,” बायको म्हणाली.

“अगं, प्रश्न इज्जतीचा आहे.”

“कात्री माझी आहे.”

दुसऱ्या चौकोनातच दुधाच्या कात्रीचा खिळा निघाला. कुंपणापलीकडून शेजारी बराच वेळ पाहत होते. त्यांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान. तीस वर्षं कात्री धरलेल्या माणसाला ते दृश्य सोसवेना.

“साहेब, अहो, हे कापणं आहे की उपटणं? सरका.” ते आपली पेटी घेऊन आत आले. एका हातात कंगवा, एका हातात कात्री. उकिडवे बसून त्यांनी गवताची एक बट उचलली. “बारीक करायचं की मध्यम?”

“मुळापासून.”

“मुळापासून कोणालाच शोभत नाही, साहेब. दोन बोटं ठेवतो.”

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा अख्खा दिवस, दुकानाच्या वेळा सांभाळून, ते येत राहिले. शेवटी बायकोलाही दया आली. शिवणाची कात्री घेऊन तीही बसली. आईने उन्हात खुर्ची मागितली. ती सतराव्या चौकोनात ठेवली आणि तिथून देखरेख सुरू झाली.

“आई, जरा उठतेस? तो चौकोन राहिलाय.”

“गुडघे धरलेत माझे. माझ्या भोवतीचं सगळं मी बघितलंय. इथे काही नाही.”

दशांशने मान डोलावली आणि वहीत लिहिलं, ‘सतरा : आईने बसल्याबसल्या तपासला. नाही.’

सासऱ्यांचा फोन रोज येत होता. “काही लागलं तर सांगा हं.” आणि दशांश रोज, गुडघ्यांवर बसून, केसांत गवत, बोटांना फोड, त्याच उमद्या आवाजात सांगत होता, “काही नको, मामा. तुम्ही फक्त या.”

शनिवारी अंधार पडायच्या आधी चोविसावा चौकोन संपला. स्प्रिंग नव्हती. हिरवळ मात्र अशी देखणी दिसत होती की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. दशांश पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. यंत्र चालत नव्हतं आणि चाललं असतं तरी त्याला कापायला काही उरलं नव्हतं. चार महिन्यांत त्याने एवढंच साधलं होतं.

“उद्या मामांना खरं सांगा,” बायको हळूच म्हणाली.

“काय सांगू? की तुमचं यंत्र मी व्यवस्थित सुटं केलं?”

रविवारी बरोबर अकराला सासरे फाटकातून आत आले आणि जागीच उभे राहिले. “वा, जावईबापू! काय एकसारखं कापलंय! मला आयुष्यात असं जमलं नाही.” मग ते वाकले. गवताचं एक पातं उपटून त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. “कात्री?”

दशांशने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. चिमट्यापासून चुंबकापर्यंत, वहीसकट.

सासऱ्यांनी शांतपणे खिशातून पानाच्या डबीएवढा डबा काढला आणि उघडला. आत सात स्प्रिंगा होत्या. तश्शाच.

“ती उडतेच,” ते म्हणाले. “दरवेळी उडते. म्हणून तर मी रोज विचारत होतो.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

स्प्रिंग बसवायला चार मिनिटं लागली. बाकीचे एकशे चौदा भाग आदल्या रात्रीच, निराशेने का होईना, जागच्या जागी गेले होते. दशांशने दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला यंत्र खोकलं, थरथरलं आणि धडधडायला लागलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांनी कात्री कपाळाला लावली.

“आता चालवून दाखवा!” सासरे ओरडले.

दशांशने हिरवळीवरून नजर फिरवली. सगळीकडे दोन बोटं गवत. फक्त एका जागी, आईच्या खुर्चीखाली, गुडघाभर झुपका उरला होता.

“आई, उठ!”

इज्जतीचा प्रश्न आहे हे ओळखून आई उठली. खुर्ची हलवली. दशांशने यंत्र सतराव्या चौकोनात घातलं. गवत सर्रकन आडवं झालं. एक पाऊल, दीड पाऊल. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

खट्ट!

यंत्र जागीच गप्प झालं. दशांश गुडघ्यांवर बसला आणि पात्यांत अडकलेली गोष्ट त्याने पक्कडीने ओढून काढली. खुर्चीच्या पायाने मातीत रुतवलेली, आता जरा चपटी झालेली, पण ब्राँझची. पात्याला मोठा खांडा पडला होता.

सासऱ्यांनी ती हातात घेतली, पुसली आणि डब्यात टाकली. “परत सात झाल्या. पातं मात्र माझ्याकडे एकच होतं, जावईबापू.” मग त्यांनी डबा मिटून दशांशच्या हातावर ठेवला. “राहू दे यंत्र तुमच्याकडेच. थोरल्याच्या अंगणात फरशी आहे. तिथे त्याला काही सापडायचं नाही.”

दशांशने वही उघडली. सतरापुढची नोंद वाचली, खोडली आणि कोऱ्या जागेकडे बघत बसला.

आई पुन्हा खुर्चीत टेकली होती.

“मी म्हणतच होते,” ती सुनेला सांगत होती, “इथेच कुठेतरी असणार.”