माळावरची शीळ

"कुत्री मला फार आवडतात," असं इनॉक थ्वेट शेजारच्या डायनाला म्हणाला, तेव्हा त्याच्या डाव्या पोटरीवरचे दातांचे जुने वणसुद्धा शहारले असतील. जन्मभर यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात त्याने टपाल वाटलं होतं आणि एकाही घरचं कुत्रं त्याच्याशी सरळ वागलं नव्हतं. पण डायना बर्फावर घसरून पाय मुरगाळून बसली होती, तिच्या दोन कुत्र्यांना फिरवायला माणूस हवा होता आणि फिरवून आलेल्या माणसाला तिच्या शेगडीपाशी बसून चहा मिळणार होता. एकट्या विधुराने एवढा हिशेब मांडला, तर त्यात गैर काय?

"एकच सांगते," डायनाने काठी आपटून बजावलं. "वर रेस्ट्रिकच्या मेंढ्या आहेत. त्याची एक जरी तक्रार आली, तर उद्यापासून तसदी घेऊ नका."

"तक्रार? छे हो! आम्ही तिघंही गरीब गाई."

तिघांपैकी मॉस हा डायनाच्या दिवंगत नवऱ्याने तयार केलेला, आता निवृत्त झालेला मेंढ्या राखणारा कुत्रा. दुसरी टॅन्सी, लोडासारखी. पहिल्याच चढावर तिने बर्फात बैठक मारली आणि इनॉककडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने तिला काखेत घेतलं. सूर्य टेकला होता, माळावरचं बर्फ गुलाबी झालं होतं आणि मुख्य म्हणजे कुणी चावत नव्हतं. इनॉकला इतकं बरं वाटलं, की त्याने चर्चमधलं एक गाणं शिळेवर धरलं.

मॉसचे कान ताठ झाले. मेंढ्यांच्या कुत्र्याला हुकूम शिळेने देतात, हे त्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणतं. इनॉकही जाणत होता, पण गाण्याच्या भरात विसरला. मॉस बाणासारखा सुटला.

"अरे मॉस, परत ये!" म्हणत इनॉकने आणखी जोरात शीळ घातली. मॉस आणखी लांबून वळसा घालू लागला.

थोड्याच वेळात टेकाडामागून मेंढ्या उतरल्या आणि मागून मॉस त्यांना थेट इनॉककडे हाकत आला. इनॉक घाईने खाली वळला, मेंढ्याही वळल्या. तो पळू लागला, त्याही पळू लागल्या. काखेतली टॅन्सी मागे बघून भुंकत होती, जणू सगळा कारभार तिचाच. ही वरात रेस्ट्रिकच्या खिडकीवरून गेली आणि डायनाच्या अंगणात शिरली.

डायना दारात उभी. "चहा ठेवला होता मी," ती गारपणे म्हणाली. तो 'होता' इनॉकच्या काळजात रुतला.

तेवढ्यात धापा टाकत रेस्ट्रिक आला. त्याने अंगणावरून नजर फिरवली. "सगळ्या आणल्यास?"

"चुकलं माझं, पण..."

"चुकलं कसलं, लेका! रात्री बर्फाचं वादळ आहे. माझे गुडघे हे असे, मेंढ्या खाली आणायच्या कुणी? दुपारपासून डोक्याला हात लावून बसलो होतो. हिचा नवरा गेल्यापासून अशी शीळ ऐकली नाही. कुठे शिकलास?"

इनॉकने खरं सांगायला तोंड उघडलं. डायनाच्या काठीचं टोक त्याच्या बुटावर दाबलं गेलं. तोंड मिटलं.

"माझ्याकडे येत जा रोज संध्याकाळी," रेस्ट्रिक म्हणाला. "जेवणही माझ्याकडेच."

"जमायचं नाही," डायना म्हणाली. "संध्याकाळचे ते माझ्याकडे असतात."

"कधीपासून?"

इनॉकलाही तेच विचारायचं होतं, पण काठी अजून बुटावरच होती.