हळदीचा मांडव आणि वकिलाचं शेड

माणसाने कोर्टात जिंकावं, पण किती जिंकावं याला काही माप असतं. प्रशिक रामटेके या वकिलाला त्या दिवशी ते माप राहिलं नाही.

महापालिकेचा वकील म्हणून त्याची नेमणूक नवी होती, अंगात दम होता आणि दावा होता रस्त्यात मांडव घालणाऱ्यांविरुद्धचा. तो असा काही पेटला, की समोरचा वकीलही मान डोलवायला लागला. न्यायमूर्तींनी विचारलं, "कारवाई कधी सुरू करताय?"

"आजच, माय लॉर्ड!" प्रशिकच्या तोंडून निघून गेलं.

"उत्तम. मग काय केलं ते उद्या सकाळी येऊन सांगा."

छाती फुगवून तो सक्करदऱ्याला घरी आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता अडवून एक झकास पिवळा मांडव उभा होता. त्याच्याच दारात. संध्याकाळी त्याच्या बहिणीची, मेघाची हळद होती.

"आई, हे काय करून ठेवलं वं? मांडव अंगणात घालाले सांगतलं होतं ना मी!"

"अंगण कुठी हाये गा?" बायजाबाई हळद कालवता कालवता म्हणाल्या. "तिथं तुह्यं शेड हाये."

हे मात्र खरं होतं. पक्षकारांना बसायला प्रशिकने अंगणात टिनाचं शेड ठोकलं होतं. अंगण पुरेना म्हणून पुढचे खांब दोन हात रस्त्यावर रोवले होते. दोन हात म्हणजे काही अतिक्रमण नव्हे, ती सोय, असं त्याचं मत होतं. हा मुद्दा त्याने कोर्टात मात्र कधी मांडला नव्हता.

तेवढ्यात गल्लीत जेसीबी शिरला. मागून अतिक्रमण पथकाचे मधुकरराव हसतमुखाने उतरले. "जय भीम, साहेब! लई जोरदार बोलले म्हणे आज! म्हटलं, सुरुवात साहेबाच्याच गल्लीतून करू, साहेबाले बरं वाटन. हा मांडव कोनाचा?"

"आमचाच," प्रशिक म्हणाला.

मधुकररावांचं हसू तिथेच गोठलं. "अरे बाप्पा! मंग? पाडू का नोको?"

आता आली का पंचाईत! पाडा म्हणावं तर बहिणीची हळद मोडते, नको म्हणावं तर उद्या न्यायमूर्तींना कोणतं तोंड दाखवायचं? मेघा पिवळी साडी सावरत बाहेर धावली. "दादा, माह्यी हळद आता जेसीबीत लावतं का?"

बायजाबाईंनी पाट उचलला, जेसीबीपुढे मांडला आणि त्यावर ठाण मांडलं. "तुह्या बापाले शब्द देल्ला होता मी, पोरीची हळद आपल्याच दारात करीन. मी नाही हालत."

प्रशिकने आईकडे पाहिलं, मग जेसीबीकडे. पण वकील तो वकील. "मधुकरराव, मोजून तर पाहा. थोडासाच असन रस्त्यावर."

टेप निघाला. मधुकररावांनी घराची हद्द शोधली, तिथून टेप ओढला आणि डोकं खाजवलं. "मांडव तर समदाच भायेर हाये, साहेब. अन् हे शेडबी दोन हात भायेर हाये. हे कोनाचं?"

शेडवर बोर्ड होता. 'ॲड. प्रशिक रामटेके' अशी ठळक अक्षरं होती. सगळ्या गल्लीने ती मोठ्याने वाचली.

"मंग शेडच पाडा ना गा!" बायजाबाई पाटावरून म्हणाल्या. "अंगण मोकळं होते, मांडव आत येते. हाये काय अन् नाही काय!"

प्रशिक युक्तिवाद करायला पुढे सरसावला. इतक्यात शिडीवरून मांडववाला गोविंदा ओरडला, "आई, शेड पाडसान तर मांडवबी पडन! अर्धा मांडव त्यालेच बांधला हाये!"

"तर धरा ना! पाहून काय राहिले?"

मग काय विचारता! पथकाची माणसं, शेजारी, घरचे पाहुणे, सगळे खांबांना भिडले. मधला जड खांब आला काळ्या कोटातल्या प्रशिकच्या वाट्याला. खांब छातीशी धरून त्याने आपलं शेड आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिलं. बोर्ड खाली पडला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हळू गा, मधुकरराव." मग मांडव सगळ्यांनी मिळून उचलला आणि अंगणात आणला. असा चपखल बसला की बायजाबाईंचे डोळे भरून आले. बायांनी पहिली हळद मेघाला लावली, मग मधुकररावांना, आणि उरलेली सगळी प्रशिकला. पथक जेवूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी विचारलं, "काय केलंत?"

"एका वकिलाचं अनधिकृत शेड पाडलं, माय लॉर्ड. रस्त्यावरचा एक मांडवही आत गेला."

"वकिलाचं शेड? आणि त्याने विरोध केला नाही?"

"इच्छा खूप होती, माय लॉर्ड. पण त्याचे दोन्ही हात मांडवाच्या खांबाला होते."

न्यायमूर्तींनी चष्मा सारखा केला आणि काळ्या कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेल्या त्या पिवळ्याधमक हातांकडे बराच वेळ पाहिलं.

"त्या वकिलाला कोर्टाचं अभिनंदन कळवा," ते म्हणाले. "आणि सांगा, खोबरेल तेल लावलं की हळद लवकर निघते."